बाळाच्या तोंडातल्या टाळूबद्दल

इंदिरानगर, नाशिक

ती. आई-बाबांना शि. सा. न.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि माझं निम्मं सांगायचं राहतं, म्हणून लिहितोय.

छकुलीची तोंडातली टाळू जन्मतः दुभंगलेली आहे, पण तिचं दुखणं आपल्या गल्लीतल्या सुतारांच्या नातवासारखं नाही. त्याचा ओठ, हिरडी, टाळू डावीकडून सलग उघडी होती, नाकपुडीही बसलेली. काहींना ते दोन्हीकडून असतं, मग ओठाचा मधला तुकडा सुटून पुढे आलेला दिसतो. हिचे ओठ, हिरडी अखंड आहेत. म्हणून तर प्रसूतीच्या दवाखान्यात कुणाच्या लक्षात आलं नाही. दूध नाकातून यायला लागलं, तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी बॅटरी मारून मला दाखवलं. पडजिभेचे दोन शेंडे झालेत. तिथून फट पुढे येते आणि हाड सुरू होतं तिथे थांबते. म्हणजे फक्त मागची मऊ टाळू. एखाद्याची फट हाडातूनही पुढे सरकते. आणखी एक चोरटा प्रकार असतो: वरचं आवरण शाबूत, आतले स्नायू मात्र दुभंगलेले. मूल नाकात बोलायला लागलं की मग शोधाशोध.

मऊ टाळूत हाड नाही, सगळं काम स्नायूंचं. ते दोन्हीकडून येऊन मधे एकमेकांना मिळतात. हिचे मिळालेच नाहीत, हाडाच्या कडेला जाऊन चिकटलेत. नाकाची वाट बंद होत नाही, त्यामुळे तोंडात ओढ तयार होत नाही. अंगावर पिता येत नाही ते म्हणून, दूध कमी आहे म्हणून नाही! सध्या बसतं धरून बोंडल्याने पाजतो, मधे मधे ढेकर काढतो. कानाची नळीही टाळूचेच स्नायू उघडतात, त्यामुळे पडद्यामागे पाणी साचू शकतं. कान तपासत राहायचे. ऑपरेशन साधारण नऊ ते बारा महिन्यांची झाल्यावर, नीट बोलायला लागण्याआधी. पैशांची काळजी नको बाबा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे बसतं.

आता ग्रहणात विळीवर चिरलं म्हणून टाळू दुभंगली, या तुझ्या म्हणण्याबद्दल. आई, पोटात ओठ सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळतो, टाळू बाराव्यापर्यंत. ग्रहण आलं तेव्हा तुझ्या सुनेला सातवा महिना होता. टाळूचं जे व्हायचं ते कधीच होऊन गेलं होतं.

द्राक्षाची छाटणी उरकली की दोघं या. येताना सुनेसाठी डिंकाचे लाडू आण, आणि विळीचा विषय हिच्यासमोर काढू नकोस.

तुमचा,
बंड्या