सूचना : रविवारी नगरसेवकांची भेट

सर्व सभासदांना,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता आपले नगरसेवक सोसायटीच्या सभागृहात तक्रारी ऐकायला येणार आहेत. प्रत्येक घरातून एकाने तरी यावे.

तक्रार लेखीच द्या, दोन प्रतींत. एका अर्जात एकच विषय घ्या. पाणी, ड्रेनेज, दिवाबत्ती ही खाती वेगळी. सगळे एकत्र लिहिले की अर्ज पहिल्याच टेबलावर अडकतो.

- दिवा बंद : खांबाचा क्रमांक
- पाणी कमी : किती वाजता, किती मिनिटे येते
- आधी तक्रार केली असल्यास तिचा क्रमांक व तारीख

दुसऱ्या प्रतीवर सही-तारखेसह पोच घ्याच. तोंडी सांगितलेले गर्दीत विरून जाते.

पार्किंगचे आपसातले वाद तिथे काढू नयेत. ते कमिटीकडे आणा.

– सचिव