कात्रण, रिकामे कोन आणि दुपारचे चार तास : खेळघराच्या पेट्यांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी सोलापूरच्या पूर्व भागातील बालवाड्यांना आणि अंगणवाड्यांना हाताने बनवलेल्या खेळण्यांच्या पेट्या पोहोचवण्याचे मंडळाचे काम यंदाही करावयाचे आहे. मे उजाडला तरी खोलीवर कात्रणाचे एक पोते, गेल्या वर्षीचा उरलेला फेव्हिकॉल आणि कोणीतरी आणून टाकलेल्या चाके निखळलेल्या मोटारी, एवढाच ऐवज आहे. म्हणून हे पत्रक घाईने काढावे लागत आहे.

या कामाचा पाया अक्कांनी घातला, हे जुन्या सभासदांना सांगावयास नको. बालवाडीतून निवृत्त झाल्यावर त्या विडी वळणाऱ्या बायकांच्या घरी जाऊन बसत असत. आईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि शेजारी बसलेले दीड-दोन वर्षांचे मूल तेंदूपानांच्या कातरलेल्या तुकड्यांशीच खेळत असे व तीच बोटे तोंडात घालत असे. आईला बोल लावण्यात अर्थ नाही, तिला हजार विड्यांचा हिशेब पुरा करावयाचा असतो. मुलाच्या हातात दुसरे काहीतरी दिले पाहिजे, असे अक्कांचे म्हणणे होते, आणि पहिला चिंध्यांचा चेंडू त्यांनी अशाच एका घरात बसून शिवला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले व पुढे ते कोसबाडला नेले, तेव्हा पाने, बिया, खडे आणि शिंपले हेच त्यांचे शिक्षणसाहित्य होते. हा दाखला अक्का प्रत्येक सभेत देत असत. आम्ही तो ऐकून कंटाळत असू. आता त्या सभेला येऊ शकत नाहीत, तर तोच दाखला आम्ही देऊ लागलो आहोत.

अक्कांच्या मागे उभे राहिलेल्यांचेही ऋण मोठे आहे. लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये जन्म काढलेल्या आपल्या दादांनी सुताच्या रिकाम्या कोनांपासून, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या शंकूच्या आकाराच्या नळ्यांपासून, मनोरे, बाहुल्या आणि कडी फेकण्याचा खेळ बसवून दिला. कोनाची धार बोटाला लागू नये म्हणून कडेला पट्टी चिकटवावी, ही सूचनाही त्यांचीच. शिंपीकाका चष्म्याचा नंबर वाढला तरी दर रविवारी येऊन शिवण तपासतात आणि टाका सैल दिसला की कोणाचीही भीड न ठेवता उसवून परत देतात. आणि आपले ते गणवेशाचे कारखानदार, ज्यांना नाव छापलेले मुळीच खपत नाही, ते ऐन हंगामात, कारखान्यात उसंत नसतानाही, खाकी, निळ्या आणि पांढऱ्या कापडाचे कात्रण रंगवार वेगळे करून पाठवत आले आहेत. कात्रण तसेच पोत्यात कोंबून देणे सोपे होते. वेगळे करून देण्यातली आपुलकी ज्यांनी पोती उपसली आहेत त्यांनाच कळेल. यंदा त्यांचे कामकाज मंदावले आहे, आणि सगळा भार त्यांच्यावर टाकणे आम्हांलाच प्रशस्त वाटत नाही.

पेटीत काय असते, असे नव्या सभासदांनी विचारले म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. चेंडूचा गाभा मागावरच्या वाया गेलेल्या सुताचा असतो. ते घट्ट गुंडाळून वर कापडाच्या आठ पाकळ्या दुहेरी टाक्याने शिवल्या की चेंडू पावसात भिजला तरी उन्हात वाळून पुन्हा कामाला येतो. शर्टाचे बटण लहान पडते, म्हणून कोटाचे मोठे बटण घेऊन समोरासमोरच्या दोन भोकांतून दोरा ओवला की भिंगरी तयार होते. दोऱ्याला पीळ देऊन दोन्ही हातांनी ताणले व सैल सोडले की ती गुणगुणत उलटसुलट फिरते. जुन्या चादरीच्या तुकड्यावर पाच-पाच घरांचा चौकाबाऱ्याचा पट शिवलेला असतो आणि फाशांऐवजी चार अर्धे चिंचोके. या पटावर बसलेली मुले एकाच वाक्यात मराठी आणि तेलुगू मिसळून भांडतात, ते एकदा येऊन ऐकावे. ज्वारीच्या धाटांची बैलगाडी हा मात्र पेटीतला सर्वांत लाडका जिन्नस. धाटाची साल सोलून आतल्या पांढऱ्या भेंडाचे तुकडे करावयाचे आणि सालीच्याच बारीक कामट्या टोचून जू, साटा व चाके जोडावयाची. खिळा नाही, डिंक नाही. साल बोट कापते, म्हणून सोलण्याचे काम मोठ्यांनीच करावे. मोठ्या मुलांसाठी सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे आणि गुल काढलेल्या आगकाड्या ठेवतो. ही युक्ती अरविंद गुप्ता यांची असून या खेळणीवाल्या शिक्षकास 2018 साली पद्मश्री मिळाली. काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की वाकडा होतो, त्रिकोण होत नाही, आणि छप्पर पेलणाऱ्या कैचीत त्रिकोण का घालतात ते मुलाच्या बोटांनाच समजते.

आता एक गोष्ट मनात ठेवण्यापेक्षा लिहिलेली बरी. गेल्या वर्षीच्या आवाहनाला मोजक्यांनीच प्रतिसाद दिला. मिरवणुकीच्या वर्गणीला हात सैल सोडणाऱ्या काही मान्यवरांनी "चिंध्यांना कसली देणगी?" असे हसत विचारले, आणि ठरवलेल्या पेट्यांपैकी निम्म्याच भरल्या. ज्या बालवाड्यांना पेटी मिळाली नाही, तेथील ताईंना उत्तर द्यावयास कार्यकारिणीतले दोघे गेले होते. हसणाऱ्यांपैकी कोणी नव्हते. गड्ड्याच्या जत्रेतून आणलेली प्लास्टिकची मोटार रंगपंचमीपर्यंत टिकत नाही, हे घरोघरी ठाऊक आहे, तरीही विकतच्या वस्तूला मान आणि हाताने केलेल्या वस्तूला कीव, असे का व्हावे? चादरीच्या विणीवर ज्या गावाचे नाव झाले, त्या गावात तरी हा प्रश्न पडू नये.

काय हवे ते पुढीलप्रमाणे. स्वच्छ सुती कात्रण, सुताचे रिकामे कोन, वाया गेलेले सूत, जुनी चादर, कोटाची बटणे, चिंचोके, कडब्याची सरळ वाळलेली धाटे आणि पुठ्ठ्याची खोकी. मोडकी प्लास्टिकची खेळणी, बॅटरीवर चालणारी खेळणी, थर्माकोल आणि रंगाचे उरलेले डबे कृपया आणू नयेत. बटणाएवढी चपटी बॅटरी मुलाने गिळली तर जिवावर बेतते आणि जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. तीन वर्षांखालील मुलांच्या पेटीत बटणे व चिंचोके ठेवत नाही. सुमारे 3 सेंमी व्यासाच्या नळीत मावेल अशी कोणतीही वस्तू त्या पेटीतून बाजूला काढली जाते, आणि ही तपासणी शिंपीकाकांच्या देखरेखीखाली होते. रोख देणगी दोरा, सुया, फेव्हिकॉल व व्हॉल्व ट्यूब यांवरच खर्च होईल. एका पेटीला साधारण दीडशे रुपये लागतात, पावती लगेच मिळेल आणि हिशेब फलकावर लावला जाईल. साहित्य मंडळाच्या खोलीवर सायंकाळी 6 ते 8 या वेळेत स्वीकारले जाईल. जड पोती असल्यास आदल्या दिवशी निरोप द्यावा, रिक्षा पाठवू. शिवणकाम व जोडणी मे महिन्यातल्या प्रत्येक रविवारी दुपारी 12 ते 4 या वेळेत चालेल. उन्हाचा त्रास लक्षात घेऊन पंखे व माठाची सोय केली आहे. सुई-कात्री असलेल्यांनी आपली आणावी, मंडळाच्या कात्र्या मोजक्याच आहेत. सुटीत घरी असलेल्या सातवी-आठवीच्या मुलांना अवश्य सोबत आणावे. पेट्या जूनच्या पहिल्या आठवड्यात बांधून तयार हव्यात, कारण टेम्पो त्यानंतर गणवेशाच्या फेऱ्यांत अडकतो.

आपला नम्र,
कार्यवाह
(कार्यकारिणीच्या वतीने)