थीब्जला उतरच!

प्रिय अभय,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ग्रीसमध्ये बघायच्या ठिकाणांची यादी वाचली: अथेन्स, डेल्फी, सांतोरिनी. छानच आहे, पण तीत थीब्ज नाही याची चुटपुट लागली. अथेन्सहून सलोनिकाला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आज थिवा नावाचं साधंसं गाव आहे, तेच हे. तिथे डोळ्यांत भरण्यासारखं फारसं काही उभं नाही, कारण जुनं शहर आजच्या घरांखाली गाडलं गेलंय. तरीही एक दिवस काढच.

या शहराचं दुर्दैव असं की त्याची कथा जगाला सांगितली ती त्याच्या वैऱ्यांनी. नकळत बापाला मारून आईशी लग्न करणारा ईडिपस, राजाज्ञा मोडून भावाला मूठमाती देणारी अँटिगनी, एकमेकांच्या हातून मेलेले तिचे दोन्ही भाऊ, ही सगळी थीब्जची माणसं. त्यांना रंगमंचावर अजरामर केलं ते मात्र अथेन्सच्या नाटककारांनी. दोन्ही शहरांचं हाडवैर होतं. जे अभद्र घडायचं ते शेजारच्या गावात घडलेलं दाखवणं अथेन्सच्या प्रेक्षकांनाही सोयीचं गेलं असणार, असं मला वाटतं. त्यात इ.स.पू. ४८० च्या इराणी स्वारीत थीब्ज शत्रूला मिळालं. तो डाग काही पुसला गेला नाही.

शहर वसवलं ते कॅडमसने. पळवून नेलेल्या बहिणीला, युरोपाला, शोधत तो फिनिशियातून, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरून, आला. डेल्फीच्या देववाणीने सांगितलं, शोध सोड, एका गायीच्या मागे जा, ती बसेल तिथे नगर वसव. तिथल्या झऱ्यावर राखण करणाऱ्या अजस्र सर्पाला त्याने मारलं आणि त्याचे दात जमिनीत पेरले. त्यातून शस्त्रधारी योद्धे उगवले, आपापसांत लढले, पाच उरले. थीब्जची खानदानी घराणी स्वतःला त्या पाचांचे वंशज म्हणवत.

आता हे बघ. १९६० च्या दशकात तिथल्या राजवाड्याच्या अवशेषांत लाजवर्दी दगडाच्या दंडगोल मुद्रा सापडल्या. निळ्याशार, बोटाच्या पेराएवढ्या, त्यांवर मेसोपोटेमियातले देव कोरलेले. एक तर बॅबिलोनच्या बुर्नाबुरियाश राजाच्या अधिकाऱ्याची, म्हणजे इ.स.पू. चौदाव्या शतकातली! पूर्वेकडून आलेल्या संस्थापकाची कथा जपणाऱ्या गावात हा पूर्वेचा ऐवज निघावा! यावरून कॅडमस खरा ठरत नाही, पण मला तरी ही दंतकथा निव्वळ हवेतली वाटत नाही. मुद्रा तिथल्या संग्रहालयात आहेत, जवळून बघ.

इ.स.पू. ३७९ ची हकिकतही ऐक. गावावर स्पार्टाच्या सैन्याचा पहारा होता. हद्दपार केलेले तरुण हिवाळ्यात वेषांतर करून शिरले. त्याच रात्री मेजवानीत रमलेल्या आर्कियस नावाच्या अधिकाऱ्याच्या हाती या कटाची खबर देणारं पत्र आलं. ‘कामाचं उद्या बघू,’ म्हणत त्याने ते उशीखाली सारलं, आणि बायकांच्या वेषात आलेल्या कटवाल्यांनी त्याला तिथेच मारलं.

पुढे आठ वर्षांनी ल्यूक्ट्राच्या रणात थीब्जचा सेनापती इपॅमिनोंडसने डाव्या बगलेला पन्नास रांगा खोल फौज उभी केली आणि अजिंक्य म्हणवणाऱ्या स्पार्टाला धूळ चारली. पण मला तो मोठा वाटतो तो त्यानंतरच्या कामासाठी. पिढ्यान्‌पिढ्या स्पार्टाची गुलामी करणाऱ्या मेसेनियन लोकांना त्याने मुक्त केलं, त्यांना स्वतःचं शहर उभारून दिलं. तो पुढे मँटिनियाच्या लढाईत पडला. प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकार पौसेनियस लिहितो, त्याच्या समाधीवरच्या ढालीवर सर्प कोरला होता, तो सर्पाच्या दातांतून उगवलेल्या त्या पाचांच्या वंशातला म्हणून.

थीब्जवाले साधुसंत नव्हते. प्लॅटिया, ऑर्कोमेनस ही शेजारची गावं त्यांनी बेचिराख केली होती. इ.स.पू. ३३५ मध्ये अलेक्झांडरविरुद्धचं बंड फसलं, तेव्हा याच शेजाऱ्यांनी थीब्ज नष्ट करा म्हणून कौल दिला. प्राचीन इतिहासकार डायोडोरस सांगतो, सहा हजार मेले, तीस हजार गुलाम म्हणून विकले गेले. देवळं आणि कवी पिंडारचं घर तेवढं राखलं. वीसेक वर्षांनी मॅसिडोनियाचा सत्ताधीश कॅसँडरने गाव पुन्हा वसवलं, तेव्हा तटाचा मोठा भाग बांधून दिला तो अथेन्सकरांनी, त्याच जुन्या वैऱ्यांनी!

डेल्फीला जाताना लिवाडियाहून थोडी वाट वाकडी केलीस तर खिरोनियाचा दगडी सिंह लागेल. तिथे खणताना २५४ सांगाडे रांगांनी पुरलेले सापडले. इ.स.पू. ३३८ मध्ये मॅसिडोनियाशी लढताना पडलेल्या थीब्जच्या ‘पवित्र पथका’चे, म्हणजे निवडक योद्ध्यांच्या तुकडीचे, ते असावेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

तारखा ठरल्या की कळव, आणि मुद्रांचे फोटो मात्र नक्की पाठव.

तुझाच,
श्रीधर