मीटिंगचा पत्ता छापा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात रोजच्या कार्यक्रमांचे सदर असते. कीर्तन, व्याख्यान, पुस्तक प्रकाशन, रक्तदान शिबिर, सगळ्यांची वेळ आणि ठिकाण तिथे मिळते. त्याच सदरात अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगची माहितीही द्यावी, ही विनंती करण्यासाठी लिहीत आहे.

पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये एएचे समूह बरीच वर्षे चालू आहेत. कुठे शाळेचा वर्ग, कुठे चर्चचा हॉल, संध्याकाळी तास-दीड तास. फी नाही, अर्ज नाही, कोणी आडनावही विचारत नाही. दारू सोडण्याची इच्छा असली की झाले. पण ज्याला जायचे आहे त्याला जागाच सापडत नाही. माझा धाकटा भाऊ पहिल्यांदा मीटिंगला निघाला तेव्हा मी सोबत गेले होते. फाटकावर पाटी नव्हती, रखवालदाराला काही ठाऊक नव्हते आणि चार माणसांत मोठ्याने विचारण्याची आमच्यापैकी कोणाची हिंमत होईना. शेवटी आत शिरणाऱ्या एका गृहस्थांनीच आमच्या चेहऱ्यांवरून ओळखले आणि ‘मीटिंगला ना? या वर,’ म्हणाले. ते भेटले नसते तर भाऊ त्याच पावली मागे फिरला असता. त्या संध्याकाळी मागे फिरलेला माणूस कुठे गेला असता, हे ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना सांगायला नको.

यावर काही जण म्हणतात, एएमध्ये गुप्तता असते, मग पत्ता कसा छापणार? सभासदाने वर्तमानपत्रात आपले नाव उघड करू नये, अशी एएची परंपरा आहे. माझ्या नावावरून भाऊ ओळखला जाईल म्हणून मीही नाव न छापण्याची विनंती केली आहे. पण मीटिंग कुठे भरते हे लपवण्याचे कारण नाही. समूह स्वतःच आपली वेळापत्रके काढतात, ती फक्त गरजवंताच्या हाती पोचत नाहीत. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणता तरी उपचार मिळतो, असे त्यात दिसले. बाकीचे आपल्याच वाड्यांत, सोसायट्यांत, वस्त्यांत आहेत.

आपल्याकडे दारू सोडण्याच्या ठरलेल्या रीती आहेत. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायची, गळ्यात माळ घालायची, श्रावण पाळायचा. माळ घातल्यावर पुन्हा कधी थेंबाला न शिवलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. श्रावणाचे मात्र मला भय वाटते. गटारीला मनसोक्त पिऊन पुढे महिनाभर कोरडा राहिलेला माणूस घरच्यांना ठणकावून सांगतो, ‘बघा, मला व्यसन नाही.’ घरचेही विश्वास ठेवतात, कारण त्यांना तो ठेवायचाच असतो. यात वर्षे जातात.

उपचार केंद्रांचेही थोडे तसेच होते. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले येरवड्याचे ‘मुक्तांगण’ हे पुण्याचे भाग्य आहे. पण केंद्रातून माणूस घरी आला की आपण समजतो, सुटलो. पुढे पगाराचा दिवस येतो, मित्राच्या लग्नाची वरात येते, भावाभावांत जमिनीवरून वाद होतो, आणि संध्याकाळचे सात तर रोजच वाजतात. त्या वेळी जायला एक जागा आणि फोन उचलणारा एक माणूस लागतो. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांशी बोलत राहिले आणि त्यातून एए उभे राहिले. आजही मीटिंगमध्ये मुख्यतः तेवढेच घडते. एक बोलतो, बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. ‘स्लिप’ होऊन, म्हणजे मध्ये पुन्हा पिऊन, आलेल्यालाही खुर्ची मिळते, चहा मिळतो. आम्ही घरचे कितीही प्रेम करत असलो तरी आमच्या नजरेत ‘पुन्हा?’ असतेच, तिथे ते नसते.

नुसत्या बोलण्याने दारू सुटते का, असे विचारणाऱ्यांसाठी सांगते. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने दहा हजारांहून अधिक रुग्णांवरच्या २७ अभ्यासांचा आढावा घेतला. एएकडे नीट वळवणाऱ्या उपचारांत सलग दारूपासून दूर राहणाऱ्यांचे प्रमाण इतर मान्य उपचारांपेक्षा जास्त आढळले.

माहिती छापताना काही गोष्टी जरूर द्याव्यात. ‘खुली’ मीटिंग कोणती, हे लिहावे. तिथे घरचे लोकही बसू शकतात, ‘बंद’ मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी असते. मराठी, हिंदी की इंग्रजी, हेही लिहावे. पत्नी, आई, बहिणींसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या मीटिंग असतात, त्या विसरू नयेत. मी स्वतः तिथे जाते आणि मला त्याचा फार आधार आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, कधी जिवावरही बेतते. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे, ही ओळ ठळक छापावी. सोबत १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल फ्री क्रमांक द्यावा.

पहिल्या मीटिंगला मन रमले नाही तर दुसरा समूह पाहावा, हे मला तिथल्या जुन्या सभासदांनी सांगितले. प्रत्येक समूहाची माणसे आणि भाषा निराळी असते. पण दुसरा समूह गाठायला त्याचा पत्ता हवा ना!

मीटिंगच्या वेळा आणि जागा बदलत असतात, त्यामुळे यादी ताजी ठेवणे हे काम आहे, याची मला जाणीव आहे. समूहांना विचारून, त्यांच्या संमतीने, दर महिन्याला फोनवर खात्री करून ती यादी आपल्या कार्यालयात आणून द्यायला मी आणि अल-अनॉनमधल्या माझ्या दोन मैत्रिणी तयार आहोत. कोणाला भेटायचे तेवढे कळवावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)