बुडबुडा लहान, नुकसान मोठे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रक्ताच्या एका थेंबावर चाचणी करणाऱ्या सूक्ष्मवाहिनी उपकरणांचे कौतुक वृत्तपत्रांतून वाचायला मिळते. परंतु मुंबईतील एका प्रयोगशाळेत अशी उपकरणे रोज हाताळणारी तंत्रज्ञ म्हणून त्यांतील हवेच्या बुडबुड्यांविषयी लिहावेसे वाटते. केसाएवढ्या रुंदीच्या वाहिनीत अडकलेला बुडबुडा पृष्ठताणामुळे जागचा हलत नाही, प्रवाह अडवतो, पेशींना इजा करतो आणि अहवालातील आकडा बिघडवतो.

पुष्कळदा दोष उपकरणाचा नसून आपल्या घाईचा असतो. पाण्यात ४ अंश सेल्सिअसला प्रतिलिटर सुमारे १३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३७ अंशांना जेमतेम ७. त्यामुळे फ्रिजमधून काढलेले द्रावण लगेच उबदार चिपमध्ये (म्हणजे या बारीक वाहिन्या असलेल्या छोट्या पट्टीत) सोडले, की द्रावणात विरघळलेली जास्तीची हवा वाहिनीतच बुडबुडे होऊन बाहेर पडते. द्रावण आधी कोमट करून निर्वात पात्रात ठेवावे, कोरडी वाहिनी प्रथम अल्कोहोलने ओली करून मग द्रावणाने नीट धुवावी आणि नळी जोडताना तिच्या टोकाशी थेंब लोंबता ठेवावा. साबणासारखे पृष्ठताण घटवणारे द्रव्यही उपयोगी पडते, मात्र जिवंत पेशी असतील तर जपून. (सिरिंजवर टिचकी मारण्याची परिचारिकांची जुनी सवय इथेही कामी येते!)

उपकरण विकणाऱ्यांनी निदान एवढ्या सूचना मराठीत छापून द्याव्यात, ही विनंती.

आपली,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, परळ, मुंबई