बीपी उजव्या हाताचं बघा

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

काल फोनवर आई रडायला लागली आणि बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहून पाठवतेय.

माझा आजार ताकायासू आर्टरायटिस. मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञांनी 1908 मध्ये त्याची नोंद केली. मावशीच्या ल्युपससारखाच हाही आपल्याच प्रतिकारशक्तीने आपल्यावर उलटण्याचा प्रकार, पण हल्ला महाधमनी आणि तिच्या मोठ्या फाट्यांवर. भिंती सुजून जाड होतात, आतली वाट अरुंद होते. बहुतेक तरुण बायकांना होतो. आई, तुझ्या हातून काही राहून गेलं म्हणून हा झालेला नाही. ते मनातून काढून टाक.

माझ्या डाव्या हाताकडे जाणारी धमनी फार आकसलीय. कपडे पिळताना हात भरून येतो, त्या मनगटावर नाडी जेमतेम लागते. मागच्या तपासणीत वरचं बीपी डाव्या हाताला 92 आलं आणि उजव्या हाताला 148. बाबा, तुम्ही मशीन डाव्या हाताला लावता आणि ‘नॉर्मल आहे’ म्हणून निर्धास्त होता. तिथे रक्तच पुरेसं पोचत नाही, म्हणून आकडा कमी येतो. मेंदूला, हृदयाला जो दाब सोसावा लागतो तो उजव्या हातावर कळतो. यापुढे पट्टा उजव्याच हाताला बांधा, प्लीज.

स्टिरॉइडने तोंड सुजलंय, हे मलाही खुपतं. पण कुणी काढा सुचवला म्हणून गोळ्या एकदम थांबवता येत नाहीत. त्या चालू असताना शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं कमी करतं; अचानक बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतायत, जोडीला प्रतिकारशक्ती आवरणारं मेथोट्रेक्सेट हे औषध आहे, आठवड्यातून एकदाच घ्यायचं. त्यावर असताना दिवस राहता कामा नयेत, हे सासूबाईंना मी स्पष्ट सांगितलंय. तुम्हीही तो विषय काढू नका.

मामा विचारत होता, स्टेंट का नाही घालत? सूज चालू असताना घातला तर धमनी पुन्हा बंद पडायची भीती जास्त असते. सीआरपी, म्हणजे रक्तातला सूज दाखवणारा आकडा, उतरलाय, पण रक्ताचे रिपोर्ट चांगले असूनही भिंतीत आजार धुमसत राहू शकतो. म्हणून पुढच्या महिन्यात एमआर अँजिओ, म्हणजे धमन्यांचा एमआरआय, आहे.

आई, त्या आठवड्यात तू ये. पिल्लूला शाळेतून आणायला कुणीतरी हवंय. लोणचं मात्र आणू नकोस, मीठ कमी करायला सांगितलंय.

तुमची लेक