हशाची जागा

गोरेगाव (पूर्व), मुंबई
सोमवार, रात्री उशिरा

प्रिय शमे,

परवा फोनवर तू विचारलंस, "तुझं नि रेवाचं बिनसलंय का?" आणि मी "आवाज तुटतोय गं" म्हणून फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता. रेवा हाताच्या अंतरावर बसून पायाला नेलपॉलिश लावत होती, तिच्यादेखत काय बोलणार? व्हॉट्सअॅपवर लिहायला घेतलं तर मध्येच कुणाची तरी 'रिक्वायरमेंट' येऊन पडते: वय बावीस ते अठ्ठावीस, मराठी स्वच्छ, आजच्या आज सेल्फ टेस्ट (स्वतःच मोबाइलवर शूट केलेली ऑडिशन) पाठवा. म्हणून कागदच घेतला.

काकूंनी आमची मालिका बघून जे अनुमान काढलंय ते कळलं मला. रेवा हिरॉइन, मी तिची नणंद, म्हणजे दोघींचं फाटलेलं असणार. इतकं सरळ असतं तर बरं झालं असतं. मग एकमेकींचं तोंड न बघता राहिलो असतो आणि भाड्याची वेगळी खोली शोधली असती.

वर्सोव्याचं आरामनगर तू पाहिलेलं नाहीस. जुनी बैठी घरं आहेत, त्यांतल्या कितीतरी घरांचे आता ऑडिशनचे स्टुडिओ झालेत. दारावर कागद चिकटवलेला, वहीत नाव, उंची, फोन नंबर लिहायचा आणि भिंतीला टेकून उभं राहायचं. शेजारी हुबेहूब आपल्यासारख्या मुली. तीच उंची, तसाच साधा कुर्ता, तसेच छोटे झुमके, कारण निरोप सगळ्यांना एकच गेलेला असतो. कॅमेऱ्यासमोर नाव सांगायचं, डावी बाजू दाखवायची, उजवी बाजू दाखवायची, मग सीन. बऱ्याचदा सीनपर्यंत गाडी जातच नाही. दारातला मुलगा मोबाइलमधून मान वर करतो, 'नॉट फिट' म्हणतो आणि आपण रिक्षा शोधायला लागतो.

रेवा तिथलीच ओळख. कणकवलीची, तोंडानं फटकळ. माझा सीन तिनं दाराच्या फटीतून ऐकला होता. बाहेर आल्यावर नावबिव न विचारता म्हणाली, "आवाज चांगलाय तुझा, पण प्रत्येक वाक्य शेवटी खाली पाडतेस. आपल्यालाच पटत नसल्यासारखं." मला इतका राग आला! चर्चगेट लोकलमध्ये बसल्यावर मनातल्या मनात तीच वाक्यं म्हणून बघितली, तर खरंच पाडत होते. शमे, या धंद्यात 'कमाल केलीस गं' म्हणणारे पैशाला पासरी मिळतात. मिठ्या मारणारे त्याहून जास्त. कुठे कमी पडलीस हे सांगणारं माणूस मिळत नाही, कारण ते सांगितलं की समोरची सुधारते आणि पुढचं काम तिला जातं. रेवानं ते पहिल्याच दिवशी सांगितलं. का सांगितलं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

मालिकेसाठी शेवटी आम्ही दोघीच उरलो होतो. मॉक शूटला, म्हणजे निवडीआधीच्या चाचणी शूटिंगला, आधी ती नायिका नि मी नणंद, मग उलट. आदल्या रात्री घरात एकमेकींना क्यू (समोरच्याचं वाक्य) देत तालीम केली, ती मनापासून केली, दोघींनीही. मग फोन तिला आला. मला नंतर आला, नणंदेसाठी. मी रडले, जेवले, झोपले. त्यावर अजून काही लिहावं असं वाटत नाही.

सेट घोडबंदर रोडला आहे. गायमुखच्या घाटात ट्रक बंद पडला की कॉल टाइम गेलाच म्हणून समज. शिफ्ट बारा तासांची, आणि पैसे नव्वद दिवसांनी. म्हणजे आज केलेल्या कामावर तीन महिन्यांनी डाळ-तांदूळ आणायचे. बाबांना हे अजून पटत नाही. ते म्हणतात, "टीव्हीवर रोज दिसतेस आणि पैसे मागतेस?"

सेटवर आमच्यात काड्या घालायला माणसं टपलेलीच असतात. "प्रोमोत तुझा चेहरा कापला बघ," एक जण येऊन सांगतो. दुसरी रेवाला जाऊन सांगते की ही म्हणे डोळ्यांनी सीन खाते. गुरुवारी टीआरपी येतो, आणि त्यावर पुढचे ट्रॅक हलतात. मध्यंतरी माझं भांडखोरपण लोकांना आवडलं असावं, कारण नणंदेचे सीन वाढले. नायिका त्या दिवसांत नुसती दारामागून ऐकायची. रेवा घरी येऊन गॅसकडे तोंड करून चहा करायची नि आपला कप घेऊन आत जायची. मी काय समजूत घालणार होते? मला तर उकळ्या फुटत होत्या.

पण याच बाईचं दुसरं सांगते. मोठ्या सीनमध्ये आधी मास्टर घेतात, म्हणजे सगळे एकत्र दिसतात तो शॉट, मग नायिकेचा क्लोज, नुसत्या चेहऱ्याचा, आमचे शेवटी. एरवी नायिकेचा क्लोज झाला की ती मेकअप रूममध्ये जाते आणि आमच्यासारख्यांना एखादा असिस्टंट कागदावरून सपाट आवाजात क्यू देतो. 'वहिनी मी तुम्हाला माफ करणार नाही' हे वाक्य दाढीवाल्या पोराकडे बघून म्हणायचं आणि डोळ्यांत पाणी आणायचं. रेवा जात नाही. पॅकअप मिळालेलं असलं तरी कॅमेऱ्याच्या शेजारी उभी राहते आणि पूर्ण ताकदीनं वाक्यं टाकते. अबोला होता त्या दिवसांतही उभी राहिली. एकदा माझ्या क्लोजला तीच खरोखर रडली, फ्रेममध्ये नसताना.

आता नाटकाचं. मूळ भांडण त्यात आहे.

रेवाचं नाटक आधीपासून चालू होतं. मालिका लागल्यावर शनिवार-रविवारचे प्रयोग तिला जमेनात. निर्मात्यांनी रिप्लेसमेंट शोधायला घेतली आणि रेवानंच माझं नाव सुचवलं. चार तालमींत उभं राहायचं होतं. ती रात्र-रात्र जागून मला बसवायची. स्वयंपाकघराचा उंबरठा म्हणजे डावी विंग, गादी म्हणजे सोफा. कुठून यायचं, ट्रे कुठल्या हातात, प्रकाश कुठे मिळतो, कोण कुठल्या वाक्याला विसरतं, सगळं. दुसऱ्या अंकात सून, म्हणजे आमची भूमिका, चहा ढवळत असताना सासरा तिला विचारतो, "तुझ्या माहेरी कुणाला काही कळतं का?" आणि सून म्हणते, "नाही." बस, एवढंच. संहितेत त्यात हसण्यासारखं काहीच नाही. पण रेवाच्या त्या 'नाही'वर शिवाजी मंदिरचं अख्खं नाट्यगृह हशानं कोसळायचं. मी प्रेक्षकांत बसून पाहिलं होतं. हशा येतो हे दिसायचं, कसा येतो ते कळायचं नाही. तालमीत ती जागा आली तेव्हा रेवा म्हणाली, "इथं नाही म्हण आणि कप दे." आणि पान उलटलं.

मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. तुला यात दगाफटका दिसेल. मला दिसत नाही. ती जागा तिनं कितीतरी प्रयोग पडून-झडून काढली असणार. मी तिच्या जागी असते तर मीही पान उलटलं असतं.

पहिल्या प्रयोगाला माझं 'नाही' विहिरीत दगड पडावा तसं गेलं. सासरा करणारे काका (चाळीसेक वर्षं रंगभूमीवर आहेत, कुणालाही शिकवायला जात नाहीत) मध्यंतरात वडा खाता खाता म्हणाले, "हशा मागायला गेलीस तू. मागितला की देत नाहीत लोक." मग पुढचे काही प्रयोग नुसती धडपड. पार्ल्याला दीनानाथमध्ये एका रविवारी प्रश्न आला आणि माझा चमचा हातातच थांबला. मुद्दाम नव्हे. कपावर चमच्याचा किणकिण आवाज चालू होता तो बंद झाला, आणि त्या शांततेत म्हटलं, "नाही." आणि आलं! मागून, बाल्कनीतून सुरू होऊन पुढे आलं. काकांना पुढचं वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. प्रयोगानंतर मॅनेजरनं नाइटचं (त्या प्रयोगाच्या मानधनाचं) पाकीट दिलं ते मोजायचं भानही नव्हतं.

ठाण्याच्या गडकरीला रेवा न सांगता आली. शेवटच्या रांगेत बसली. परतीच्या रिक्षात बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "चमचा थांबवतेस?"

"हो."

"मी 'हो' म्हणणार असा श्वास घ्यायचे. तोंड उघडायचे हो म्हणायला. आणि मग नाही."

बघ, किती साधं! आणि माझ्यापेक्षा किती अवघड. मी तिच्याकडे बघत राहिले. तिनं रिक्षाबाहेर बघत सांगितलं, "तुझा जास्त वेळ टिकतो." त्यानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द नाही. तुझा फोन आला तो नेमका तेव्हा.

तुझे आजोबा संयुक्त 'मानापमान'ची गोष्ट सांगायचे, आठवतं? ८ जुलै १९२१, मुंबईत, टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्व नायिका भामिनी आणि केशवराव भोसले नायक धैर्यधर. दोघांच्या कंपन्या वेगळ्या, दोघांचे चाहते एकमेकांच्या उरावर बसणारे. आपल्याला ते देशकार्य म्हणून सांगितलं जायचं, आणि ते होतंच. पण हल्ली मला वाटतं, त्या रात्री विंगेत उभं राहून दोघांनीही एकमेकांचं गाणं किती कान देऊन ऐकलं असेल! समोरचा सोडणार नाही हे माहीत असताना आपली तान कशी लागते, ते आपल्या माणसांत गाऊन कळत नाही. केशवराव त्याच ऑक्टोबरात गेले, अवघे एकतीस वर्षांचे. त्यापुढं बालगंधर्वांना तसं कुणी समोर मिळालं का, हे आजोबांना विचारायला हवं होतं. (आम्ही कुठे आणि ती माणसं कुठे, हे मला कळतं. काकूंना हा भाग वाचून दाखवू नकोस.)

तर बिनसलंय का, याचं उत्तर असं: रोज थोडं बिनसतं. ती चांगलं काम करते तेव्हा माझ्या पोटात दुखतं, आणि वाईट करते तेव्हा त्याहून जास्त. तिचंही तसंच असावं. बाकीच्या मैत्रिणी माझं काम बघून 'छान' म्हणतात, ही 'चमचा थांबवतेस?' विचारते. मला हेच हवंय.

आता खरी बातमी. नाटकाचा दौरा ठरतोय, कोल्हापूर, मिरज आणि आपलं सांगली, भावे नाट्यमंदिरात. मी इथे नाचले ऐकून. रात्री रेवा म्हणते, दौऱ्याला मीच जाणार, चॅनलकडून सुट्टी काढते, मूळ संचात मी होते. मी म्हटलं, सांगली माझी आहे. ती म्हणाली, "सांगली तुझी, भूमिका माझी." आणि वर काय म्हणते माहितीये? माझा चमचा ती वापरून बघणार आहे. मी सांगितलं, खुशाल वापर, मग तुझा श्वास मी घेते. मॅनेजर म्हणाले, दोघी भांडून काय ते ठरवा आणि शुक्रवारपर्यंत सांगा, जाहिरातीत नाव टाकायचंय.

म्हणून काकूंना म्हणावं, गल्लीत माझ्या नावानं तिकिटं सांगायला इतक्यात सुरुवात करू नका. आणि रेवा आली तरी तिला उतरायला आपल्याकडेच घेऊन जा. भडंग आवडतो तिला, पण जास्त देऊ नकोस, प्रयोगाआधी घसा बसतो तिचा.

तुझी,
नंदू